सहभागी पद्धती शिकून त्याच पद्धतींनी प्रकल्पाचं मूल्यमापन करायचंय, सुरुवात कुठून करावी?

बालाघाटकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. धारूर तालुक्यातली पाच गावं आणि दोन तांडे मिळून पाणलोट व महिला गटांचा एकत्र प्रकल्प चालू आहे. जानेवारी २०२४मध्ये प्रश्नावली घेऊन घरोघर पायाभूत सर्वेक्षण झालं, त्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. आता मध्यावधी मूल्यमापन आलंय. निधी देणाऱ्यांचं म्हणणं, मूल्यमापन सहभागी पद्धतीने करा, पण अहवालात आकडे दिसले पाहिजेत. मुदत फेब्रुवारी-मार्च २०२६. आम्ही चौघं आहोत, त्यांतले दोघं गावातलेच कार्यकर्ते.

पुस्तकं उघडली की पंचवीस-तीस साधनं समोर येतात: नकाशे, चपाती आकृती, काळरेषा, क्रमवारी, काय काय. नेमकी कोणती आधी शिकायची? एका गावाला किती दिवस धरायचे? जमिनीवर काढलेल्या नकाशातून आकडा कसा निघतो? आणि हे सगळं नीट शिकायला जवळपास कुठे सोय आहे?

सिंदफणा

आधी मुदत बदलून घ्या, बाकीचं नंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये धारूरच्या गावांत कोण असतं? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेले कोयते (तोडणी करणारी जोडपी) तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडात असतात. मागे म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि ज्यांच्याकडे पाणी आहे ते कास्तकार. अशा गावात काढलेला नकाशा फक्त पाणीवाल्यांचा होतो, आणि तांड्यावर तर कुलपंच दिसतील. गुढीपाडव्यानंतर, एप्रिलचा पहिला आठवडा उलटला की सुरुवात करा. विहिरींची पातळीही तेव्हा खाली गेलेली असते, म्हणजे पाण्याबद्दलची उत्तरं डोळ्यांसमोर पडताळता येतात. निधी देणाऱ्यांना हे कारण लेखी कळवा, शक्यतो मान्य करतात.

साधनं पाचच घ्या: सामाजिक नकाशा, शिवार फेरी, हंगामी दिनदर्शिका, संपन्नता क्रमवारी, जोडी-तुलना (दोन-दोन मुद्दे समोरासमोर ठेवून वरचा निवडायचा). एवढी हातात बसली तर बाकीची प्रसंगाने येतात. एका गावाला चार दिवस, तांडा असेल तर त्याचा पाचवा दिवस वेगळा.

टीममधल्या तिघांची कामं आधी ठरवा. एकाने बोलायचं, एकाने फक्त लिहायचं, एकाने बघायचं: कोण बोलतंय, कोण गप्प आहे, खडू कोणाच्या हातात गेला, कोण मध्येच उठून गेलं. ही तिसरी वही बहुतेक ठिकाणी कोणी ठेवतच नाही, आणि अहवाल लिहायला बसलं की नेमकी तिचीच गरज लागते. चौथा माणूस बाहेरची गर्दी सांभाळायला. गावातल्या कार्यकर्त्याला स्वतःच्या गावात बोलणाऱ्याची भूमिका देऊ नका, त्याच्यासमोर त्याच्याच कामाबद्दल कोणी खरं बोलणार नाही. गावं अदलाबदल करा.

सामाजिक नकाशा जमिनीवरच काढून घ्या. कागद समोर आला की पेन शिकलेल्या माणसाकडे जातो. रांगोळीचे तीन-चार रंग, चुना, चिंचोके, खडे, पळसाची पानं एवढं साहित्य पुरतं. जागा निवडताना मारुतीच्या देवळासमोरचा पार टाळा. तिथे सगळ्या वस्त्यांच्या बाया मोकळेपणाने बसत नाहीत. शाळेचं पटांगण किंवा अंगणवाडीसमोरची जागा बरी. एप्रिलात दुपारी वारा सुटतो आणि रांगोळी उडते, तेव्हा सकाळी ७ ते १० ची वेळ धरा.

पहिली खूण तुम्ही काढू नका. "गावात शिरलं की आधी काय लागतं?" असं विचारा आणि चुना त्यांच्या हातात द्या. वेस, रस्ता, टाकी, हापसा अशा ठळक जागा झाल्या की मग घरं. प्रत्येक घराला नंबर. सगळी घरं झाली की मोजा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ शी ताडून बघा. हमखास फरक निघतो: शेतातले आखाडे, गायरानावरची पालं, विभक्त झालेली पण एकाच घरनंबरावर असलेली कुटुंबं. जी घरं राहिली ती का राहिली हे तिथल्या तिथे विचारा. नुसत्या यादीतून हे कळत नाही.

आता खरं काम सुरू होतं, आणि नेमक्या याच वेळी टीम फोटो काढून चहाला निघते. नकाशा पुरा झाल्यावर निदान दीड तास त्याच्याशी बोलायचं. हापसा या टोकाला आहे तर त्या टोकाच्या बाया पाणी कुठून आणतात? टँकर कुठे थांबतो आणि तिथे आधी कोणाच्या घागरी भरतात? या दहा घरांत बाई एकटी राहते, त्यांची नावं गटात आहेत का? मग घराघरावर खुणा ठेवायला सांगा: कोयत्यावर जाणाऱ्या घराला पान, बोअर असलेल्याला खडा, गटात असलेल्या घराला चिंचोका. शेवटी सगळा नकाशा घरनंबरांसकट कागदावर उतरवा. उत्तर दिशा, तारीख आणि काढणाऱ्यांची संख्या, बाया किती, पुरुष किती, हे त्याच कागदावर.

शिवार फेरी माथ्यापासून पायथ्याकडे. रस्त्याने चालू नका, ओढ्याच्या उताराने चाला. तलाठ्याकडून गाव नकाशा घ्या म्हणजे थांबाल तिथला गट नंबर लिहिता येतो. सोबत पाच-सहा जण पुरे, पण त्यांत एक गुराखी आणि शेतात मजुरीला जाणारी एक बाई हवीच. सरपंचाला पाणी कुठे अडवलं ते माहीत असतं, गुराख्याला ते कुठून फुटलं ते माहीत असतं. माती बदलली की थांबा: बरड, मुरमाड, मध्यम, काळी, चोपण. प्रत्येक थांब्यावर उतार, मातीची खोली, पीक, झाडं, बांधाची अवस्था, विहीर आणि जमीन कोणाकडे, एवढं एकाखाली एक लिहा. तीन ते चार तास लागतात. यंदा सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात बऱ्याच जमिनी खरडून गेल्या, बांध फुटले. जे फुटलं ते स्वतंत्र रकान्यात टाका. नाहीतर "बांधबंदिस्ती झाली" हा कागदावरचा आकडा आणि शिवारातलं चित्र यांचा मेळ लागणार नाही.

हंगामी दिनदर्शिकेला जानेवारी-डिसेंबर नको. पेरणीचं बोलणं रोहिणी, मृग, आर्द्रा असंच चालतं; आडव्या रांगेत नक्षत्रं किंवा मराठी महिने घ्या आणि अहवालात नंतर इंग्रजी महिने लिहा. अधिक महिना आलेल्या वर्षाबद्दल बोलणं चाललं असेल तर नक्षत्रंच बरी, महिने सरकतात. उभ्या रांगेत पाऊस, काम, मजुरी, चारा, पिण्याचं पाणी, आजारपण, कर्ज. प्रत्येक रांगेला मोजून ३० चिंचोके द्या आणि ते महिन्यांत वाटायला सांगा. मुकादमाची उचल (ऊसतोडीची आगाऊ रक्कम) कधी घेतली जाते आणि घरातला दाणा कधी संपतो, या दोन रांगा एकाखाली एक आल्या की स्थलांतरावर वेगळा प्रश्न विचारावा लागत नाही.

मांजराकाठ

सिंदफणांनी पद्धती मांडल्याच आहेत, मी आकड्यांवर बोलतो.

तुमच्या मूल्यमापनातला सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. पायाभूत सर्वेक्षण जानेवारी २०२४चं, म्हणजे त्यामागे २०२३चा पाऊस: ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेलेलं वर्ष. आता तुलना करणार २०२५च्या पावसाळ्याशी, जेव्हा पाणी नको म्हणायची वेळ आली होती. विहिरींना पाणी वाढलं, रब्बी वाढली, टँकर बंद झाले, हे सगळं एक दगड न हलवताही झालं असतं. पाणलोटाच्या किती तरी अहवालांतलं यश असं पावसाचं असतं. २०१८च्या दुष्काळात पाया घालून पुढच्या चांगल्या वर्षांत मोजणी केलेल्यांचंही हेच झालं.

यावर तीन उपाय, तिन्ही करा. पहिला: जवळचं, काम न झालेलं, सारख्या उताराचं आणि मातीचं एक गाव तुलनेला घ्या, तिथे फक्त विहिरी आणि रब्बीचं क्षेत्र विचारायचं, दीड दिवसाचं काम. दुसरा: महसूल मंडळाचा पाऊस वर्षवार लिहून ठेवा आणि लोकांना विचारा, "यंदासारखा पाऊस याआधी कधी झाला होता? त्या वर्षी तुमच्या विहिरीला होळीला किती पाणी होतं?" तुलना त्या वर्षाशी करा. माणसांना सन आठवत नाही, प्रसंग आठवतो. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते वर्ष (२०१६), कोरोनाचं वर्ष, पोराचं लग्न झालं ते वर्ष. आधी काळरेषा काढून घेतली तर हे प्रश्न पटापट सुटतात. तिसरा: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते; तुमच्या पाणलोटात किंवा शेजारी अशी विहीर असेल तर तिच्या नोंदी मागवा.

विहिरी सगळ्या मोजू नका. गावात साठेक असतील तर १५ निवडा, माथ्यावरच्या पाच, मधल्या पाच, पायथ्याच्या पाच. लोक पातळी परसात सांगतात. एक परस साधारण सहा फूट, पण सांगणाऱ्याचा हात बघून घ्या आणि शक्य तिथे दोरी सोडून मोजा. नुसती पातळीही फसवते, कारण मोटार सकाळीच चालवली असेल तर विहीर रिकामीच दिसणार. आपल्या काळ्या पाषाणात विहीर किती तासांत पुन्हा भरते, यावर पाणी ठरतं. प्रश्न असा: "मार्चअखेर मोटार सलग किती तास चालते, आणि पुन्हा चालवायला किती तास थांबावं लागतं?" यात गाळ काढलेला, बोअर आडवं मारलेलं, नवी जास्त ताकदीची मोटार बसवलेली, हे विचारायला विसरू नका.

नकाशातून आकडा कसा निघतो हा तुमचा प्रश्न. सामाजिक नकाशा म्हणजे एका सकाळीत झालेली घरगणतीच आहे, फक्त व्याख्या आधी पक्क्या हव्यात. "पाणी पुरलं" म्हणजे काय हे प्रत्येक गावाने आपापल्या मनाने ठरवलं तर बेरीज होत नाही. पाचही गावांसाठी एकच ठेवा, उदाहरणार्थ "हरभऱ्याला दोन पाणी देता आलं". व्याख्या लोकांकडूनच घ्या, पण पहिल्या गावात घेतली की पुढे तीच. घरनंबरांची यादी जपून ठेवा. प्रकल्प संपताना त्याच घरांवर त्याच खुणा मागायच्या आहेत.

संपन्नता क्रमवारी मात्र उघड्यावर नको, आणि नकाशाच्या वेळी तर मुळीच नको. प्रत्येक घराची एक चिठ्ठी करा. तीन जाणकार वेगवेगळ्या वस्त्यांतले, त्यांत एक तरी बाई, तिघांना वेगवेगळं बसवा आणि चिठ्ठ्यांचे ढीग करायला सांगा. किती ढीग हे त्यांनी ठरवायचं. एका ढिगात निम्मी घरं यायला लागली तर तो फोडायला सांगा. ढिगाचा क्रमांक भागिले एकूण ढीग गुणिले १०० हा त्या घराचा गुण. सर्वांत सधन ढीग पहिला. समजा एकाने चार ढिगांतला तिसरा दिला तर ७५, दुसऱ्याने पाचांतला चौथा दिला तर ८०, तिसऱ्याने तिनांतला दुसरा दिला तर ६७. सरासरी ७४. एखाद्या घराचे तीन गुण फार लांब पडले तर सरासरी काढू नका, कारण विचारा. बहुतेक वेळा नवं आजारपण किंवा नवं कर्ज निघतं जे एकालाच माहीत असतं. दोनशेच्या वर घरं असतील तर वस्तीनिहाय करा, एकच माणूस इतक्या घरांबद्दल खात्रीने बोलू शकत नाही. आणि ढीग झाल्यावर "हे घर या ढिगात का?" हे विचाराच. गरिबीची त्या गावाची मोजपट्टी त्या उत्तरांत असते, आणि ती दारिद्र्यरेषेच्या यादीशी क्वचितच जुळते.

या गुणांनी घरांचे तीन गट पाडा, मग नकाशावरच्या खुणा गटवार मोजा. "६० टक्के घरांना लाभ" यापेक्षा "वरच्या गटातल्या इतक्या आणि खालच्या गटातल्या इतक्या घरांना" हे वाक्य निधी देणाऱ्यांनाही जास्त उपयोगी पडतं.

तेरणामाई

वरचं सगळं बरोबर, पण गावाला एकच धरून बोलणं चाललंय. तीन बैठका स्वतंत्र घ्या: पुरुष, बाया, आणि भूमिहीन व तांडा. एकत्र बैठक घेतली की ठराविक चार जण बोलतात आणि बाकीचे माना हलवतात. बायांना वेळ कोणती सोयीची हे त्यांनाच विचारा. एप्रिलात कापूस-सोयाबीन नसतं, तरी पाणी आणि सरपण असतंच. दुपारी दोन ते चार बरी जाते.

जोडी-तुलनेत गंमत अशी आहे की मुद्दे वाढले की जोड्या झपाट्याने वाढतात. सहा मुद्द्यांना १५ जोड्या, आठांना २८, दहांना ४५. वीसच्या पुढे लोक कंटाळून काहीही सांगतात. सहावर थांबा. प्रत्येक जोडीला "हे का वरचं?" विचारून उत्तर लिहा, नुसते गुण ठेवले तर कागदाला किंमत नाही. तिन्ही बैठकांतले क्रम शेजारी शेजारी मांडा आणि सरासरी काढू नका. पुरुषांच्या यादीत बंधारा पहिला आणि बायांच्या यादीत हापसा पहिला असेल, तर अहवालात तो फरकच छापायला हवा.

चपाती आकृती महिला गटांसाठी वापरा. कागदाची वर्तुळं कापून न्या; वर्तुळ जेवढं मोठं तेवढं महत्त्व, मध्यापासून जेवढं लांब तेवढं पोचायला अवघड. बँक, बचत गट, ग्रामपंचायत, मुकादम, सावकार, आशाताई, तुमची संस्था. स्वतःच्या संस्थेचं वर्तुळ ठेवताना तुम्ही उठून बाजूला जा. मुकादमाचं वर्तुळ बँकेपेक्षा मोठं आणि मध्याच्या जवळ आलं, तर गटाचं कर्ज कुठे कमी पडतंय ते कळलं.

निधी देणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट विचारा: सहभाग म्हणजे त्यांना काय हवंय? लोकवाटा आणि श्रमदानाचे दिवस मोजून "सहभाग ८० टक्के" लिहिण्याची पद्धत आहे. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्या म्हणजे सहभागच नाही, मधल्या नुसता देखावा, वरच्या तिघींत लोकांच्या हाती खरा अधिकार. मजुरी म्हणून बांधावर आलेली माणसं या शिडीवर कुठे बसतात ते बघा. बंधाऱ्याची जागा कोणी ठरवली, पैशाची वही कोणाकडे असते, ती कोणी मागितली तर दाखवतात का, हे तीन प्रश्न श्रमदानाच्या आकड्याहून जास्त सांगतात.

बदलाच्या कथा गोळा करणार असाल (रिक डेव्हिस यांनी १९९०च्या दशकात बांगलादेशात बसवलेली पद्धत), तर प्रश्न एकच ठेवा: "गेल्या दोन वर्षांत तुमच्या मते सगळ्यात मोठा बदल कोणता, आणि तोच का?" गावातल्या गटाने त्यांतली एक निवडायची, निवडीचं कारण लिहायचं. वाईट बदलासाठी वेगळी जागा ठेवा, नाहीतर सगळ्या कथा आभाराच्या येतात. पाणी आलं आणि शेजाऱ्याने बोअर घेतलं म्हणून आपली विहीर आटली, ही कथा तशी जागा असेल तरच समोर येते.

बालाघाटकर

सगळ्यांचे आभार. मुदत एप्रिलपर्यंत वाढवून मागतोय. दोन शंका उरल्या. बदल प्रकल्पामुळे किती आणि पावसामुळे किती, हे चिंचोके वाटून विचारता येईल का? आणि प्रशिक्षण कुठे घ्यावं?

मांजराकाठ

विचारता येतं. आधी कारणांची यादी त्यांच्याकडून घ्या (पाऊस, बांध, गाळ काढणं, नवी मोटार, पीक बदललं), मग २० चिंचोके वाटायला सांगा. पण त्यातून "प्रकल्पामुळे ४० टक्के वाढ" असं वाक्य काढू नका. तुम्ही समोर बसलेले असताना लोक तुमच्या वाट्याला दोन चिंचोके जास्तच टाकतात. कारणांचा क्रम आणि त्यामागचं बोलणं घ्या, आणि तुलनेच्या गावाशी ताडून बघा. क्रम आणि विहिरींची मोजणी एकाच दिशेला असतील तर विश्वास ठेवा, नसतील तर दोन्ही छापा.

सिंदफणा

प्रशिक्षणासाठी तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, संभाजीनगरला वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था), पुण्यात यशदा (यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी). वर्ष चालू असताना कोणता वर्ग कधी आहे ते थेट त्यांच्याकडे विचारा. तिथे पद्धत कळते. हात मात्र गावातच बसतो. तुमच्या पाच गावांबाहेरच्या एखाद्या लहान वस्तीत, ४०-५० घरांच्या, दोन दिवस सराव करा. पहिल्या दिवशी फक्त सामाजिक नकाशा, आणि संध्याकाळी तिघांच्या वह्या एकत्र वाचा. बोलणाऱ्याने किती प्रश्न "हो की नाही" असे विचारले ते मोजा. दर पाचांतले दोन असतील तर दुसऱ्या दिवशी बोलणारा बदला.

तेरणामाई

एक राहिलं. निकाल लोकांना परत कसे देणार ते आत्ताच ठरवा. १ मेची ग्रामसभा जवळ येते म्हणून सगळं तिथेच उरकायचा मोह होतो, पण त्या सभेत विषयपत्रिका भरलेली असते आणि तांड्याचे लोक क्वचित येतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, तिथे बायांच्या बैठकीचा क्रम वाचून दाखवा. तांड्यावर तिथल्याच नकाशाची प्रत घेऊन जा, कोळशाने चुका दुरुस्त करायला सांगा, आणि दुरुस्त केलेली प्रत तिथेच ठेवा. तुम्ही तिचा फोटो घ्या. संपन्नता क्रमवारीच्या चिठ्ठ्या मात्र कोणालाही दाखवू नका, निधी देणाऱ्यांनाही नाही. अहवालात फक्त गटवार बेरीज द्यायची. चिठ्ठ्यांवरची नावं घरनंबरात बदलून मूळ चिठ्ठ्या त्याच आठवड्यात नष्ट करा.